विंडोज १० वरून ११ वर जाताना: अपग्रेड करायचं की फॉरमॅट मारायचा?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली मशीन्स दुरुस्तीच्या टेबलावर येऊ लागली. मशीन आणणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एकदा फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून द्या." कधी ते बरोबर असतं, पण बऱ्याचदा त्याची गरज नसते. पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अपग्रेड आणि क्लीन इन्स्टॉल यांत नेमका फरक काय?

अपग्रेडमध्ये विंडोज १० चालू असतानाच ११ चा सेटअप सुरू होतो. जुनी सिस्टीम तो "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवतो आणि नवी सिस्टीम टाकतो. तुमच्या फाइल्स, प्रोग्रॅम, प्रिंटर आणि सेटिंग्ज शक्य तितकी नव्या सिस्टीममध्ये आणतो. क्लीन इन्स्टॉलमध्ये, म्हणजे लोक ज्याला फॉरमॅट मारणं म्हणतात त्यात, मशीन पेनड्राइव्हवरून चालू करून डिस्कवरचं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) पुसलं जातं आणि कोऱ्या जागेवर विंडोज बसतं. त्यानंतर हिशेबाच्या टॅलीपासून प्रिंटरच्या ड्रायव्हरपर्यंत (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत) सगळं हाताने परत टाकावं लागतं.

मग मी काय करू?

मशीन धड चालत असेल तर आधी अपग्रेड करा. कारण साधं आहे. अपग्रेड नाही पटलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन "गो बॅक" दाबता येतं आणि जुनं विंडोज १० परत येतं. अपग्रेड करूनही समाधान झालं नाही, तर फॉरमॅट नंतर कधीही मारता येतोच. फॉरमॅट मारल्यावर मात्र माघार घेता येत नाही. घाई नसेल तर परतीची वाट असलेला रस्ता आधी धरावा.

क्लीन इन्स्टॉल सरळ करावं अशा परिस्थिती मोजक्या आहेत: व्हायरस शिरलाय अशी रास्त शंका आहे, मशीन विकायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं आहे, नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आहे, विंडोज क्रॅक केलेलं आहे, किंवा अपग्रेड पुन्हापुन्हा अर्ध्यात फसून मागे येतंय.

माझं मशीन विंडोज ११ घेईल का?

मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे मोफत अ‍ॅप चालवलं की उत्तर मिळतं. कागदावरच्या अटी अशा: ६४ बिट दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (मदरबोर्डची मशीन सुरू करण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप). खरी अडचण येते ती प्रोसेसरच्या पिढीची. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, किंवा एएमडी रायझन २००० मालिका आणि पुढचे चालतात. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर फक्त "आय५" लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. सिस्टीमच्या माहितीत पूर्ण नंबर बघा. आय५-८२५०यू चालेल, आय५-७२००यू नाही. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसेल, पण सुखाने काम करू देणार नाही. ८ जीबी ही माझ्या लेखी किमान गोष्ट.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर "टीपीएम सापडलं नाही" असं आलं तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मदरबोर्डमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडतं. चालू केलं की काम झालं.

फॉरमॅट मारल्यावर मशीन पळतं, हे खरं ना?

काही दिवस, हो. सुरुवातीला आपोआप चालू होणारे पंधरा प्रोग्रॅम नसतात, दोन-दोन अँटिव्हायरस नसतात, ब्राउझरमध्ये एक्स्टेंशनची गर्दी नसते. मग महिनाभरात तेच सगळं परत येतं आणि मशीनही पूर्वपदावर येतं. टास्क मॅनेजर उघडून बघा. काहीच चालू नसताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसला आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष विंडोजचा नाही. त्या मशीनला दहा वेळा फॉरमॅट मारला तरी ते रांगतच चालणार. तोच पैसा आणि वेळ एसएसडीत घाला. रॅम, एसएसडी आणि स्टार्टअपमधली गर्दी या तीन गोष्टी तपासल्याशिवाय केवळ वेगासाठी फॉरमॅट मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपग्रेड करताना "फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा" हा पर्याय राखाडी दिसतो. का?

बहुतेक वेळा भाषेमुळे, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आयएसओ, म्हणजे विंडोजच्या सेटअपची एकसंध फाइल, डाउनलोड करताना मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंग्रजी दोन प्रकारची दिसते: "इंग्लिश युनायटेड स्टेट्स" आणि "इंग्लिश इंटरनॅशनल". आपण भारतात आहोत म्हणून लोक दुसरी निवडतात. पण मशीनमध्ये मूळ विंडोज युनायटेड स्टेट्सवालं बसवलेलं असलं की दोन्ही जुळत नाहीत. मग सेटअप फक्त वैयक्तिक फाइल्स ठेवायला तयार होतो, प्रोग्रॅम सोडून देतो. इथे "पुढे" दाबू नका. बाहेर पडा, जुळणाऱ्या भाषेचं आयएसओ घ्या आणि पुन्हा सुरू करा. आवृत्ती जुळत नसेल, म्हणजे मशीनवर प्रो आणि होमचं अपग्रेड, तरी हेच होतं. मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलेशन असिस्टंट या अ‍ॅपमधून किंवा विंडोज अपडेटमधून गेलात तर ही भानगड उद्भवत नाही, म्हणून घरच्या मशीनला तोच मार्ग बरा.

अपग्रेड होणारच नाही अशी मशीन्स कोणती?

३२ बिट विंडोज १० असलेली. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेडने जाता येत नाही, तिथे क्लीन इन्स्टॉलच. विंडोज ७ वरूनही प्रोग्रॅम सांभाळत थेट ११ वर उडी मारता येत नाही.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बायोस "लेगसी"वर असेल तर मात्र मार्ग आहे. विंडोज १० मध्येच "एमबीआर टू जीपीटी" नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करतं, मग बायोसमध्ये यूईएफआय चालू करायचं. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

माझा सगळा डेटा डी ड्राइव्हवर आहे. मग सी ला फॉरमॅट मारला तर काय बिघडतं?

डेटा उडण्याच्या जितक्या कहाण्या ऐकायला मिळतात, त्यांतल्या निम्म्या या एका समजुतीतून सुरू होतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन फाळण्या असतात. पेनड्राइव्हवरून सेटअप चालू केला की जो पडदा येतो, त्यावर सी आणि डी ही अक्षरं नसतात. तिथे दिसतं "डिस्क ०, पार्टिशन १", "पार्टिशन २", "पार्टिशन ३" आणि समोर आकडे. १०० एमबीचं एक, १६ एमबीचं एक, मग मोठं एक, पुन्हा मोठं एक, शेवटी ५००-७०० एमबीचं रिकव्हरीचं. दोन मोठी पार्टिशन्स सारख्याच आकाराची असली तर कुठलं सी आणि कुठलं डी हे ओळखायचं कसं? आणि "सगळी पार्टिशन्स डिलीट करून टाक, स्वच्छ होईल" हा सल्ला व्हिडिओत ऐकून आलेला माणूस ती एकेक करून डिलीट करत सुटतो. डी त्यात जातं.

आधीच उपाय करा. विंडोज चालू असताना डिस्क मॅनेजमेंट उघडून पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि डी ला "डेटा" असं लेबल द्या. आणि तरीसुद्धा डी ची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती घेतल्यावर बाहेरची डिस्क मशीनपासून काढून ठेवा, नाहीतर सेटअपच्या यादीत तीही दिसते.

शिवाय डी वर "सगळं" नसतंच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर्स सी वर असतात.

फॉरमॅटआधी कशाकशाची तजवीज करायची?

फोटो आणि वर्डच्या फाइल्स लोकांना आठवतात. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

टॅली. टॅलीचा डेटा अनेकदा सी ड्राइव्हवर पब्लिक फोल्डरच्या आत असतो, तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये नाही. टॅलीच्या आतून डेटा पाथ बघा आणि तो फोल्डर उचला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. इंटरनेट चालू असताना टॅलीच्याच लायसन्सच्या मेनूतून ते होतं. ते न करता फॉरमॅट मारला, तर नव्याने अ‍ॅक्टिव्हेट करताना अडण्याची शक्यता असते. ते नेमकं जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला अडतं, हा वेगळा भाग.

डिजिटल सिग्नेचर. सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच (पेनड्राइव्हसारख्या उपकरणात) असतं, त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारं सही करण्याचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं. ते टाकताना टोकनच्या युटिलिटीत "इनिशियलाइज" असं बटण दिसलं तर त्याकडे बघूही नका. ते दाबलं की टोकन कोरं होतं आणि प्रमाणपत्र पुन्हा विकत घ्यावं लागतं.

आउटलुक. डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये वर्षानुवर्षांचे मेल पीएसटी फाइलमध्ये असतात. फाइल मोठी असते, आउटलुक बंद करूनच कॉपी करा.

ब्राउझर. सेव्ह केलेले पासवर्ड गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक आहेत का, हे दुसऱ्या मशीनवर लॉगइन करून तपासा. "बहुतेक असतील" यावर विसंबू नका.

प्रिंटर आणि स्कॅनर. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून मिळतो का, ते आधी बघा. मिळत नसेल तर अपग्रेडच्या बाजूचा हा एक भक्कम मुद्दा आहे, कारण चालू असलेला ड्रायव्हर बहुधा तसाच पुढे येतो.

मराठी टायपिंगचं आणि जुन्या फाँटचं काय होईल?

अपग्रेडमध्ये बहुधा काहीच होत नाही. फॉरमॅटमध्ये बरंच काही. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल्स ते फाँट नसतील तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडतात. लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, कोर्टाचं टायपिंग अशा कामांच्या जागी अशा हजारो फाइल्स असतात. म्हणून फाँटचा बॅकअप हवाच. विंडोजच्या आतलं फाँट्स फोल्डर कॉपी केलं की झालं, असं वाटतं, पण २०१८ च्या अखेरीच्या अपडेटपासून फाँटवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला की तो फक्त त्या युजरपुरता बसतो आणि युजरच्या लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये जातो. मुख्य फोल्डर कॉपी करणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. दोन्हीकडून उचला. डाँगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर त्या डाँगलचा ड्रायव्हर आणि मूळ सीडी किंवा सेटअप हाताशी आहे का, हेही आधीच बघा.

युनिकोडवाल्यांना, म्हणजे खास फाँटशिवाय सगळीकडे दिसणारं मराठी टाइप करणाऱ्यांना, काळजी कमी. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आहेच, आणि २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आत आला आहे. मराठी भाषा जोडून तो निवडला की झालं. गूगल इनपुट टूल्सचा ऑफलाइन सेटअप मात्र गूगल आता देत नाही. ज्यांचा हात त्यावर बसला आहे, त्यांनी अपग्रेडच करावं. इकडून तिकडून मिळालेला त्याचा सेटअप टाकणं धोक्याचं आहे.

विंडोजचं लायसन्स परत विकत घ्यावं लागेल?

अस्सल विंडोज १० असेल तर नाही. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, डिजिटली जोडलेलं असतं. क्लीन इन्स्टॉलमध्ये की (लायसन्सचा क्रमांक) विचारली तर "माझ्याकडे की नाही" असं निवडा, मूळचीच आवृत्ती टाका आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

इथे एक मजेशीर गोष्ट वरचेवर दिसते. ब्रँडेड लॅपटॉपसोबत विंडोज होमचं अस्सल लायसन्स आलेलं असतं, त्याची की मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिलेली असते. मधल्या काळात कुणीतरी फॉरमॅट मारून क्रॅक केलेलं प्रो टाकून दिलेलं असतं. मालक अस्सल लायसन्स खिशात ठेवून चोरीचं विंडोज वापरत असतो! अशा मशीनला क्लीन इन्स्टॉल हेच औषध. सेटअप चिपमधली की वाचून न विचारताच होम टाकतो. क्रॅक केलेल्या सिस्टीमला अपग्रेड केलं तर अ‍ॅक्टिव्हेटर (क्रॅक करणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यासोबत आलेलं जे काही असेल ते सगळं नव्या घरात येतं.

विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर मोफत ११ मिळण्याची वाट मात्र मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली.

सेटअप चालू केला, पण डिस्कच दिसत नाही. डिस्क गेली का?

बहुधा नाही. इंटेलच्या अकराव्या आणि पुढच्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, अनझिप करून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमधल्या "लोड ड्रायव्हर"ने दाखवा. डिस्क लगेच उगवते.

तसंच वाय-फायचं. विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय पुढे सरकायला तयार नसतो, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर तुम्ही त्याच पडद्यावर अडकता. लॅन केबल लावा. ती नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देण्याची सोय) चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतंय. हे काय?

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन. डिस्क कुलूपबंद आहे आणि बायोसमध्ये बदल झाल्यामुळे सिस्टीम किल्ली मागते आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती क्लीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की हे एन्क्रिप्शन बऱ्याच मशीन्सवर आपोआप चालू होतं, कुणी काही न सांगता. किल्ली त्या खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. म्हणून दुकानात विंडोज टाकून घेताना दुकानदाराच्या किंवा "तात्पुरत्या" मेल आयडीने खातं उघडू देऊ नका. किल्ली नसेल तर तो डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही. आजच खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून ठेवा. आणि बायोसमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा.

"रीसेट धिस पीसी" हा मधला मार्ग कसा आहे?

सेटिंग्जमधूनच विंडोज पुन्हा टाकणारा हा पर्याय चांगला आहे, पण त्याच्या नावाने फसू नका. "कीप माय फाइल्स" निवडलं तरी फक्त फाइल्स राहतात, टाकलेले प्रोग्रॅम जातात. सिस्टीमच्या फाइल्स बिघडल्यात असा संशय असेल तर "क्लाउड डाउनलोड" निवडा, सुमारे ४ जीबी डेटा खर्च होतो.

प्रोग्रॅमही ठेवून फक्त विंडोज दुरुस्त करायचं असेल तर रीसेट नको. चालू विंडोजमध्ये त्याच आवृत्तीचं आयएसओ उघडून सेटअप चालवा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत रिकव्हरीच्या पानावर यासाठी "रीइन्स्टॉल नाऊ" असं बटणही आहे. फॉरमॅट मारण्याआधी हा उपाय करून बघायला हवा, पण तो फारसा कुणाला माहीतच नाही.

नवी एसएसडी घेतली आहे. आता?

आता बिनधास्त क्लीन इन्स्टॉल करा. जुनी डिस्क काढून ठेवा, नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाका आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लागेल तसं कॉपी करत राहा. विसरलेली फाइल तिथे असतेच. टॅलीसारखी लायसन्स तेवढी आधी सरेंडर करा.

मशीन ११ साठी बसत नाही. फेकून द्यायचं?

नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसे पडत नाहीत. अटी चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नुसतं ब्राउझर, यूट्यूब आणि टायपिंग असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून बघा. पेनड्राइव्हवरूनच ते चालवून पाहता येतं, डिस्कला हात न लावता. टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचं काम असेल तर लिनक्सवर डोकं फोडू नका.

वेळ किती लागतो? मध्येच वीज गेली तर?

एसएसडीवर अपग्रेड साधारण तासाभरात, जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास सहज. सी वर निदान पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी ठेवा. वीज गेलीच तर अपग्रेड बहुधा जुन्या विंडोजवर परत येतं, पण त्यावर भिस्त नको. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, डेस्कटॉप यूपीएसवर, आणि तुमच्या भागात देखभालीसाठी ज्या वारी वीज जाते तो वार टाळा.

अपग्रेड झालं. विंडोज डॉट ओल्ड डिलीट करू का?

१० दिवस थांबा. या दिवसांत प्रिंटर, टॅली, टोकन, स्कॅनर आणि मराठी टायपिंग सगळं एकदा प्रत्यक्ष वापरून बघा. मुदत अपुरी वाटली तर कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती कमांड पहिल्या १० दिवसांतच द्यावी लागते. त्यानंतर विंडोज ते फोल्डर स्वतःच काढतं आणि वीसेक जीबी जागा मोकळी होते. आधीच काढायचं असेल तर फोल्डरवर जाऊन डिलीट दाबू नका, परवानगीच्या कटकटी लागतात. सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स आणि त्यात "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन"वर खूण करून काढा. त्याच यादीत "डाउनलोड्स" असंही एक खूण करायचं घर असतं, ते रिकामंच ठेवा.